वाळवीला शांती, माणसाला शिवी

जपानहून परत आल्यापासून वस्तीत, गोदीत, चहाच्या टपरीवर जो भेटतो तो एकच विचारतो, ‘काय रे, बुद्ध पाहिलास का?’

पाहिला. चारमजली चाळीएवढा पाहिला, मुठीत मावेल एवढाही पाहिला. ब्राँझचा, लाकडाचा, सोन्याचा मुलामा दिलेला. पाहून पाहून पाय दुखले.

मग दुसरा प्रश्न ठरलेला. ‘नशीबवान लेका. बुद्धाचा देश. तिथं जातबीत काय नसणार.’

दोस्तांनो, हा जो दुसरा प्रश्न आहे त्याचं उत्तर टपरीवर देता येत नाही. चहा गार होतो आणि ऐकणारा नाराज होतो. म्हणून इथं देतोय. नाराज व्हायचं तर सगळे मिळून व्हा.

गोदी कामगारांच्या शिष्टमंडळात मला घुसवलं होतं. म्हाताऱ्या पुढाऱ्यांना सोबत एक तरणा पोरगा पाहिजे होता, भाषण ठोकणारा आणि बॅगा उचलणारा. मला दोन्ही येतं. कोबे आणि ओसाकाच्या बंदरांत सहा दिवस बैठका झाल्या, मोठमोठ्या क्रेन बघून झाल्या, फोटो झाले. शेवटचे चार दिवस मोकळे होते. बाकीचे बाजारात गेले. मी म्हणालो, मला बुद्धाची देवळं बघायचीत. यजमानांनी सोबत एक दुभाषी पोरगी दिली आणि कोबेच्या बंदरात जन्म घालवलेला, सत्तरी ओलांडलेला एक निवृत्त कामगार दिला. मी त्याला आजोबाच म्हणायला लागलो.

आगगाडीत आजोबानं विचारलं, ‘तू बौद्ध, म्हणजे कुठला बौद्ध?’ मी सांगितलं. बाबासाहेब, १९५६, नागपूर, त्याआधी आम्ही कोण होतो, गावात कुठं राहायचो, मेलेलं ढोर कोण ओढायचं. आजोबा बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिला. मग एक वाक्य बोलला. दुभाषी पोरगी थबकली. भाषांतर करायला तिनं जरा वेळ घेतला. तो वेळ माझ्या ओळखीचा होता. आडनाव सांगितल्यावर आपल्याकडं समोरचा घेतो तेवढाच.

‘ते म्हणतात, ते बुराकुचे आहेत.’

बुराकु म्हणजे वस्ती. नुसती वस्ती. शिवी नाही, शब्द साधा. पण ‘तिकडच्या वस्तीतला’ असं म्हटलं की काय कळायचं ते कळतं, हे तुम्हाला मी काय सांगू? तोकुगावा राजवटीत, म्हणजे १६०३ ते १८६८, जनावरं सोलणारे, कातडं कमावणारे, मढी उचलणारे, असल्या लोकांना गावाबाहेर ठेवलं. एकाला नाव दिलं ‘एता’, अर्थ पुष्कळ विटाळ. दुसऱ्याला ‘हिनिन’, अर्थ माणूस नव्हे. रंग तोच, भाषा तीच, चेहरा तोच, बुद्धही तोच. तरी विटाळ. १८७१ साली सरकारनं फर्मान काढून ही नावं रद्द केली. मग उजळमाथ्याच्या लोकांनी नवं नाव काढलं, ‘शिन-हेईमिन’. म्हणजे नवे सामान्यजन. ‘नवे’! मी मोठ्यानं हसलो. आजोबा म्हणाला, हसतोस का? मी म्हणालो, आम्हाला नवबौद्ध म्हणतात.

मग तोही हसला. डब्यातले लोक आमच्याकडं बघायला लागले.

पहिल्या दिवशी नारा. तोदाईजीचा महाबुद्ध. खोटं कशाला बोलू, आत पाय टाकला आणि डोळे भरून आले. जवळजवळ १५ मीटर उंच ब्राँझचा बुद्ध बसलाय आणि त्याचा उजवा हात वर आहे, भिऊ नको म्हणून. आठव्या शतकात देवीच्या साथीनं देश झोडपला होता, तेव्हा शोमु सम्राटानं ७४३ साली ही मूर्ती करायचं ठरवलं. जुन्या नोंदीत देणारे आणि राबणारे मिळून २६ लाखांच्या घरातला आकडा आहे. २६ लाख! मी धक्क्यावर ओझी वाहिलेला माणूस आहे. मला मूर्ती दिसायच्या आधी वितळलेलं तांबं दिसलं, आणि ते वाहणारे खांदे.

ही माणसं गोळा कुणी केली? ग्योकी नावाच्या भिक्षूनं. हा माणूस ध्यानात ठेवा. देऊळ सोडून रस्त्यावर आलेला भिक्षू. गरिबांत फिरायचा, पूल बांधायचा, तळी खोदायचा. ७१७ साली सरकारनं त्याच्यावर बंदी घातली. का? तर लोकांना गोळा करतो म्हणून! पुढं मूर्तीसाठी माणसं कमी पडली तेव्हा त्याच सरकारनं त्याला बोलावलं आणि ७४५ साली सगळ्यात मोठं धर्मपद दिलं. मूर्ती पुरी व्हायच्या आधी, ७४९ साली, तो मेला. आज नाराच्या स्टेशनसमोर त्याचा पुतळा आहे. मी त्याला जयभीम घातला.

आणि ७५२ साली मूर्तीचे डोळे कुणी रंगवले? आपल्याकडून गेलेल्या बोधिसेन नावाच्या भिक्षूनं. जपानी इतिहासात त्याला काय म्हणतात माहीत आहे? ‘बारामोन सोजो’. बारामोन म्हणजे ब्राह्मण. च्यायला! चीवर घातलं, समुद्र ओलांडला, बुद्धाचे डोळे उघडले, तरी पाटी ‘ब्राह्मण’ हीच. ज्यानं पूल बांधले त्याच्यावर बंदी आणि ज्यानं डोळे रंगवले त्याची जात बाराशे वर्षं पदवी म्हणून जपून ठेवलेली. माझ्या भरल्या डोळ्यांतलं पाणी तिथंच वाळलं.

दुसऱ्या दिवशी क्योतो. र्‍योआनजी. ही ती जगप्रसिद्ध झेन बाग. पांढरी वाळू आणि पंधरा दगड. कुठंही बसा, एका वेळी चौदाच दिसतात, एक लपतो. ओट्यावर गोरे, जपानी, आपले गुजराती, सगळे गप्प बसून शांती पीत होते. आजोबानं मला दुभाषीकडून कानात सांगितलं की भिंतीजवळच्या एका दगडाच्या मागच्या बाजूला दोन नावं कोरलेली आहेत. ओट्यावर बसलेल्याला ती दिसत नाहीत. ती दोघं ‘कावारामोनो’ असावीत, असं अभ्यासक म्हणतात. कावारामोनो म्हणजे नदीकाठचे. शेती नाही, घर नाही, वाळवंटात राहायचं, ढोरं सोलायची. आणि त्याच हातांनी सरदारांच्या आणि देवळांच्या बागा रचायच्या. पंधराव्या शतकात झेनआमी नावाचा असाच एक नदीकाठचा माणूस शोगुनचा लाडका बागवान होता. त्याचा नातूही बागा करायचा. एवढं नाव कमावून त्या नातवानं एका भिक्षूजवळ दुःख काय सांगितलं? की मी खाटकाच्या घरात जन्मलो याचं वाईट वाटतं. दगड त्याने लावायचे, सौंदर्य त्यांनी भोगायचं आणि लाज पुन्हा त्यालाच वाटायची.

प्राणी मारू नये हे बुद्धाचं शील. छान. पण मेलेल्या जनावराचं कातडं ज्याच्या ढोलाला लागतं तो शुद्ध, आणि ज्याचे हात भरतात तो विटाळ, हे कुठलं शील? वरळीच्या जपानी बुद्धमंदिरातला ढोल मी लहानपणी ऐकलाय. तो ऐकून छाती भरायची. ओसाकाच्या नानिवा भागात आजोबानं मला ढोल करणाऱ्यांची वस्ती दाखवली. देवळांचे ढोल पिढ्यान्‌पिढ्या तिथून गेले. ढोल आत गेला, ढोल करणारा बाहेर राहिला. आपल्या हलगीसारखंच.

क्योतोतच संध्याकाळी हिगाशी होंगानजीला गेलो. हे शिनरानच्या पंथाचं मुख्य पीठ. शिनरान, ११७३ चा जन्म, राजानं तडीपार केलेला, शिकारी आणि फेरीवाले यांच्या रांगेत स्वतःला बसवणारा माणूस. म्हणून तर बुराकुची बहुसंख्य माणसं त्याच्या मागं गेली. देऊळ १८६४ साली जळलं, १८९५ साली पुन्हा उभं राहिलं. लाकडाची धुडं ओढताना साधे दोर तुटायचे. मग देशभरातल्या बायांनी केस कापून दिले आणि त्या केसांचे ५३ दोर वळले. सगळ्यात लांब ११० मीटरचा. त्यातला दोर आजही काचेत ठेवलाय. मला दोरातलं कळतं. ओझं पेलताना दोर कसा कण्हतो ते मी रोज ऐकतो. त्या काळ्या वेटोळ्यापुढं मी बराच वेळ उभा होतो. कुठल्या बाईचा केस कुठल्या वस्तीतला, हे दोराला कळत नाही.

वहीला मात्र कळत होतं. तोकुगावांच्या काळात प्रत्येक कुटुंबाची नोंद कुठल्या तरी बौद्ध देवळात असावीच लागायची. देऊळ म्हणजे देऊळ नव्हे, तलाठ्याची चावडी. जन्म, लग्न, मरण, सगळं भिक्षूच्या वहीत. आणि एतांची वही वेगळी, एतांची देवळं वेगळी, त्या देवळांचे पुजारी उतरंडीत सगळ्यात खाली. जात ठेवायला जपानला मनुस्मृती लागली नाही. एक वही पुरली. आणि ती वही बुद्धाच्या पायाशी होती.

३ मार्च १९२२. याच क्योतो शहरात बुराकुच्या पोरांनी सुईहेईशा स्थापन केली. सुईहेई म्हणजे पाण्याची पातळी. पाणी कुणाच्या घरी उंच नसतं. महाडच्या तळ्याआधी पाच वर्षं त्यांनी पाण्याचंच नाव घेतलं, बघा. जाहीरनामा लिहिणारा साईको मानकिची हा नारा भागातल्या अशाच एका बुराकु देवळातल्या पुजाऱ्याचा मुलगा. ज्या शब्दानं शिवी दिली जायची तो शब्द त्यांनी छाती पुढं काढून घेतला, जसा आपण ‘दलित’ घेतला. झेंडा काळा, त्यावर रक्ताच्या रंगाचा काट्यांचा मुकुट. आणि लगेच दोन्ही होंगानजींना, पूर्वेच्या आणि पश्चिमेच्या, त्यांनी कळवलं: वीस वर्षं आमच्याकडून एक पैसा देणगी मागू नका. याला म्हणतात बौद्ध. देवळात लोटांगण घालणारा नव्हे, देवळाला हिशेब विचारणारा.

शेवटच्या दिवशी कोयासान. ओसाकाहून गाडी डोंगरात जाते, शेवटचं स्टेशन गोकुराकुबाशी, म्हणजे स्वर्गाचा पूल. तिथून दोरावर चालणारी गाडी वर नेते. कूकाईनं ८१६ साली मिळवलेला हा डोंगर, शिंगोन पंथाचं मूळ पीठ. मला तिथं जायचंच होतं, कारण तिथल्या विद्यापीठात बाबासाहेबांचा पुतळा आहे. २०१५ च्या सप्टेंबरात महाराष्ट्राच्या मुख्यमंत्र्यांनी त्याचं अनावरण केलं. त्याच वर्षी मे महिन्यात शिर्डीत आपल्या एका पोराला ठार मारलं होतं. गुन्हा काय? मोबाईलवर बाबासाहेबांच्या गाण्याची रिंगटोन. मे महिन्यात गाणं चालत नाही आणि सप्टेंबरात पुतळा चालतो! पण पुतळा दिसला आणि मी वाकलो. परक्या मुलखात बाप भेटला की माणूस वाकतोच.

वर जाताना वाटेत ‘न्योनिनदो’ लागतं. बायांचं घर. १८७२ पर्यंत या डोंगराच्या आत बाईला बंदी. सात वाटा, सात वाटांच्या तोंडाशी सात खोपटी. बायांनी तिथवर यायचं आणि डोंगराच्या कडेकडेनं फिरून बाहेरूनच हात जोडायचे. सातांतलं एक उरलंय. दुभाषी पोरगी तिथं थांबली. काही बोलली नाही. मी आईला आठवत होतो, चवदार तळ्याची गोष्ट सांगताना तिचा आवाज कसा चढतो ते.

आणि मग ओकुनोइन. दोन लाखांवर थडगी, उंच सुरूसारखी झाडं, शेवाळ. सरदारांची थडगी, कंपन्यांची स्मारकं. त्यात एक स्मारक वाळवीचं आहे. होय, वाळवीचं. वाळवी मारण्याचा धंदा करणाऱ्यांनी मारलेल्या वाळवीला शांती मिळो म्हणून उभं केलंय. मला बरं वाटलं. म्हटलं, करुणा असावी तर अशी.

आजोबा दगडावर बसला आणि त्यानं थडग्यांची दुसरी गोष्ट सांगितली.

जपानात माणूस मेला की पुजारी त्याला नवं धम्मनाव देतो. तेच थडग्यावर कोरतात, तेच देवळाच्या वहीत जातं. बुराकुच्या मेलेल्यांना पुजाऱ्यांनी काय नावं दिली? नावात एक अक्षर घातलं, पशू. किंवा कातडं. किंवा गुलाम. कुठं हुशारी अशी केली की ‘जनावर’ या शब्दाची दोन चित्राक्षरं फोडून चार साधी अक्षरं केली. घरच्यांना वाचता येत नव्हतं. ते फुलं वाहायचे, उदबत्ती लावायचे, वाकायचे. बापाच्या थडग्यावर ‘जनावर’ लिहिलंय हे वाचता येणारे तेवढे ओळखायचे. हे एका पंथाचं काम नाही, अनेक पंथांच्या वह्यांत सापडलं. १८७१ च्या फर्मानानंतरही हे चालू राहिलं.

वाळवीला शांती. माणसाला शिवी. आणि दोन्ही बुद्धाच्या नावानं.

१९७५ साली उघडकीला आलं की जपानी कंपन्या बुराकु वस्त्यांच्या पत्त्यांच्या छापील याद्या गुपचूप विकत घेतात, नोकरीला आलेला पोरगा कुठला ते बघायला. चार वर्षांनी, १९७९ साली, अमेरिकेत जागतिक धर्म परिषद भरली. तिथं सोतो झेन पंथाचा तेव्हाचा मुख्य कारभारी उठला आणि म्हणाला की जपानात असला भेदभाव नाहीच. बुराकुच्या संघटनेनं त्याला सोडला नाही. सवाल-जवाब झाले, पंथाला आपल्या देवळांतल्या वह्या उघडाव्या लागल्या, थडगी तपासावी लागली. १९८४ च्या नैरोबीच्या परिषदेत त्याला चूक कबूल करावी लागली. आणि २०१६ साली जपानच्या संसदेला बुराकु भेदभावाविरुद्ध त्याच नावाचा कायदा करावा लागला. नसलेल्या रोगावर कुणी औषध काढत नाही.

आता माझ्या सवर्ण मित्रांनो, ज्यांच्या दिवाणखान्यात बुद्धाचं नुसतं मुंडकं असतं, खाली दिवा, बाजूला बांबू. तुम्हाला झेन पाहिजे, शांती पाहिजे, र्‍योआनजीचे चौदा दगड पाहिजेत. बाबासाहेबांचा फोटो म्हटला की राजकारण आलं म्हणता. तुमचा बुद्ध मुंडक्यापुरताच आहे, कारण धड असतं तर पाय असते, आणि पाय असते तर तो आमच्या वस्तीत चालत आला असता.

पण तुम्हाला शिव्या देऊन लेख संपवणं सोपं आहे. टाळ्या मिळतात. आज मला टाळ्या नकोत.

भावांनो, आपलं बोलू. बाबासाहेबांनी १९५६ साली बावीस प्रतिज्ञा का दिल्या? नुसतं ‘बुद्धं सरणं’ पुरलं असतं ना! १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात त्यांनी मागच्या जन्माच्या कर्माची उलटतपासणी का केली? भिक्षू हा स्वतःपुरता पूर्ण पुरुष की समाजाचा सेवक, असा सवाल का टाकला? कारण हा माणूस इतिहास वाचलेला होता. त्याला माहीत होतं की बुद्ध घेतला की जात मरते, असं नसतं. जात बुद्धाच्या मांडीवर पण बसते. जपानात पुजारी बुराकुला सांगायचे, हे तुझ्या मागच्या जन्माचं फळ. इथं भट तेच सांगायचा. चीवराचा रंग फक्त वेगळा.

मग आपल्या विहारात काय चाललंय? संगमरवर आलाय. थायलंडची मूर्ती आलीय. ‘बुद्धाच्या देशांची’ सहल निघते, लाखभर रुपये माणशी, आणि परत आले की फोटो भिंतीवर. गेल्या वर्षी आमच्या वस्तीच्या मागच्या गल्लीतला एक मेहतर पोरगा विहाराच्या कमिटीकडं आला. त्याचा बाप गटारात उतरला होता, गॅसनं मेला. माणसाला मैल्यात उतरवायला बंदी करणारा कायदा २०१३ चा आहे, तरी उतरवला. पोराला शोकसभेसाठी विहाराचा हॉल दोन तास पाहिजे होता. कमिटीत चर्चा झाली. एक जण म्हणाला, ‘ते आपल्यातले नाहीत.’ दुसरा म्हणाला, ‘वहीत नाव नाही.’ हॉल मिळाला नाही.

वहीत नाव नाही. कोयासानच्या दगडावर बसून मला हे वाक्य ऐकू आलं, आणि माझे कान तापले. कारण त्या मीटिंगला मी होतो. कोपऱ्यात बसलो होतो. ‘विद्रोहा’वर दोन कविता खिशात होत्या. तोंडातून एक शब्द काढला नाही.

आजोबाला मी हे सांगितलं. वाटलं, शिवी देईल. तो म्हणाला, ‘आमच्या पोरांनी देणगी बंद केली, वह्या उघडायला लावल्या. तुमची वही तर तुमच्याच हातात आहे.’

एवढंच. चार दिवस देवळं बघून मी हे एक वाक्य घेऊन आलोय. तोदाईजीचा बुद्ध मोठा आहे, पण मला तिथून ग्योकी पाहिजे, बंदी असताना पूल बांधणारा. होंगानजी पाहिजे असेल तर दोर पाहिजे, वही नको. येत्या रविवारी आमच्या विहाराची मीटिंग आहे. मी वही मागणार आहे. मेहतर, मातंग, चांभार, ज्याला यायचंय त्याचं नाव त्यात लिहा, बायांना कमिटीत घ्या, आणि त्या पोराच्या बापाची शोकसभा आता घ्या, वर्ष उलटलं तरी घ्या. नाहीतर माझं नाव वहीतून काढा.

तुमच्या वस्तीतल्या विहाराची वही कुणाकडं आहे? उद्या जाऊन विचारा. आणि कुणी म्हणालं की बुद्धाच्या घरात जात नसते, तर त्याला वाळवीची गोष्ट सांगा.

जयभीम.